पालोमाला उदासी झाली

दॉन क्लेमेंते गेले त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांची लाडकी गाय पालोमा हिने चरणं सोडलं, आणि घरात कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही.

पालोमा पांढरीशुभ्र, फक्त कानांची टोकं काळी. सकाळी दॉन क्लेमेंते धारा काढायला निघाले की ही फाटकाशी हजर. त्यांनी आपली टोपी काढून तिच्या कपाळावर टेकवायची, काहीतरी पुटपुटायचं, मगच बाई शेडमध्ये पाऊल टाकणार. आता ती निलगिरीच्या झाडांखाली एकटीच उभी होती. कान पडलेले, मान खाली. बाकीच्या गाई पाण्याकडे निघून गेल्या तरी तिने मागे वळून पाहिलं नाही.

इताती, घरातली सून, आठ महिन्यांच्या अनाईला कडेवर घेऊन तिच्याजवळ गेली. गाईच्या नाकाला हात लावला. कोरडं, आणि तापलेलं. ओठ उलटून पाहिला, हिरड्यांचा रंग उडालेला. मग तिने पालोमाचं शेपूट बाजूला केलं. मांडीच्या आतल्या बाजूला, कासेच्या वर, जिथलं कातडं लहान मुलाच्या कातड्यासारखं मऊ असतं, तिथे तिळाएवढं काहीतरी चिकटलं होतं. त्याच्या शेजारी आणखी एक.

हे काय आहे ते इतातीला कुणी सांगायची गरज नव्हती. वर उत्तरेला कोरिएंतेसमध्ये, तिच्या माहेरी, अंगावर गोचीड नसलेली गाय असती तर लोक ती बघायला आले असते.

मागून सासूबाई आल्या. दोन्या ओतिलिया अजून नवऱ्याच्या सुतकाच्या काळ्याच कपड्यांत होत्या. हातात मक्याचा भरडा होता, पालोमा घेईल म्हणून आणलेला.

"काय गं पोरी, काय झालंय हिला?"

"उदासी झालीये, दोन्या ओतिलिया," इताती म्हणाली.

ती खरं तेच बोलली होती. तिच्या माहेरी गोचिडीच्या तापाला उदासी म्हणतात. जनावर पहिल्या दिवशी तसंच दिसतं म्हणून कुणीतरी कधीतरी नाव ठेवलं असेल, आणि आता तिकडे कुणी त्या शब्दाचा दुसरा अर्थ मनातही आणत नाही. वासराला उदासी झाली, बाळाला गोवर झाला, एवढंच.

पण इकडे खाली एंत्रे रिओसमध्ये तो आजार कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

"होणारच," दोन्या ओतिलिया म्हणाल्या. "मला नाही का झाली?"

त्यांनी भरडा खाली ठेवला, पालोमाच्या मानेवर गाल टेकला आणि रडू लागल्या. अंत्यविधीला त्या रडल्या नव्हत्या. आलेल्या प्रत्येकाला कॉफी मिळाली का ते बघत होत्या. "माणसं बघ, जेवली-खाल्ली आणि गेली आपापल्या घरी," त्या गाईच्या मानेत तोंड खुपसून म्हणाल्या. "आणि ही बघ. ही एकटी माझ्याबरोबर थांबली."

इतातीने तोंड उघडलं होतं. पुढचं वाक्य जिभेवर होतं. पण त्या वाक्यात तिची माहेरून आणलेली गाय, मोरोचा, होती. मोरोचा आली की मागोमाग इतातीने नवऱ्याला मारलेली थाप आली असती. अनाईने आईच्या वेणीचं टोक तोंडात घातलं होतं. ते काढून घ्यायला इतातीने लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लावला, आणि तोवर दोन्या ओतिलिया डोळे पुसून घराकडे निघाल्या होत्या.

*

नकाशात दिसत नाही पण गुरं पाळणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते अशी एक रेषा आहे. रेषेच्या वर गोचीड आहे, खाली नाही. वरच्या मुलखाला सगळे घाण पट्टा म्हणतात, खालच्याला स्वच्छ पट्टा. वरचं जनावर खाली आणायचं तर नाक्यावर त्याला औषधाच्या हौदातून पोहायला लावतात, थांबवून ठेवतात, तपासतात, पुन्हा पोहायला लावतात. अंगावर एकही गोचीड सापडली नाही तरच पुढे सोडतात.

एल्विओ भाताच्या कापणीला मशीन घेऊन कोरिएंतेसला गेला होता आणि तिथून बायको घेऊन आला. घराच्या उंबऱ्यावर नणंद मिर्ता हात पसरून उभी राहिली होती. "थांब वहिनी! आधी हौदातून पोहून ये, मग घरात घेऊ!" सगळे खो खो हसले, इतातीसुद्धा. अनाईच्या बारशाला मिर्ताने तोच विनोद पुन्हा केला. तेव्हाही इताती हसली, पण पहिल्याइतकं नाही.

अनाईला दाखवायला ती माहेरी गेली तेव्हा आईने तिला मोरोचा दिली. काळीभोर, उंच वशिंडाची, गळ्याखाली लोंबती पोळी असलेली गाय. इतातीने लहानपणी बाटलीने पाजून वाढवलेल्या कालवडीची ही लेक. "मूलबाळ असलेल्या बाईची स्वतःची गाय असावी," आई म्हणाली. "दुसऱ्याच्या गाईचं दूध मागायला तोंड उघडावं लागतं." मोरोचा तेव्हा दिवसांत होती, आज-उद्या विणार अशी.

"हिला हौदात ढकलली तर वासरू जाईल," भाऊ सेफेरिनो ट्रकचं फळकूट लावता लावता म्हणाला. "आणि नाक्यावर अडकवून ठेवली तर तिथेच चिखलात विईल. मागच्या फाटकातून नाका चुकवणारा कच्चा रस्ता आहे, तिथून नेतो. सगळेच नेतात."

म्हणून इतातीने दोन दुपारी बसून, रॉकेलचं डबडं शेजारी ठेवून, मोरोचाच्या अंगावरच्या गोचिडी हाताने वेचल्या. कानांच्या आत, शेपटीखाली, कासेच्या घड्यांत. मोरोचा रवंथ करत डोळे मिटून उभी होती. अनाई पाळण्यात. त्या दुपारी इताती सुखात होती, आणि तिला वाटलं आपण एकूण एक वेचली.

"हौदातून काढली ना?" मोरोचा ट्रकमधून उतरली तेव्हा एल्विओने विचारलं.

"काढली की. दोनदा."

दोनदा कशाला म्हणाली, ते तिला नंतर कळेना. एकदा पुरलं असतं.

मोरोचाला इथे खोंड झाला. नाताळाच्या सुमारास तो एक दिवस कान पाडून बसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आईला ढुशा देत पिऊ लागला. वर प्रत्येक वासराचं असंच होतं. चीक पोटात गेलेला असतो, तोवर आईचं रक्त वासराच्या वतीने भांडतं. ताप येतो, जातो, आणि मग तो जन्मभर त्या जनावराच्या अंगात मुकाट्याने राहतो, ना हा त्याला त्रास देत ना तो ह्याला. इतातीची आई म्हणायची, "झालं बाई वासरू आपलं." तेव्हा इतातीला आनंद झाला होता. तिने खोंडाची मान खाजवली, त्याला गूळ-पाणी चाटवलं. हा तर इथे जन्मलाय, मग याला चावलं कोण, हा प्रश्न तिला त्या आनंदात पडलाच नाही.

*

पालोमा मेली. दोन्या ओतिलियांनी कातडं काढणाऱ्याला फाटकातूनच परत पाठवलं. एल्विओने ट्रॅक्टरने निलगिरीखाली खड्डा काढला. शेजारचे दॉन ब्रूनो टोपी हातात घेऊन आले, जरा वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, "क्लेमेंतेचं नशीब. माझ्यासाठी आमची मांजरसुद्धा जेवण सोडायची नाही." गावात गोष्ट पसरली. दुकानात इतातीला दोघी-तिघींनी थांबवून विचारलं, खरंच का गं, झुरून गेली? इताती म्हणाली, "चरणं सोडलं होतं तिने." हेही खोटं नव्हतं. आता ती असंच बोलायला शिकली होती, प्रत्येक शब्द खरा असेल असं.

मग कळपातल्या रेइनाने दूध आटवलं. तीही कळपापासून दूर जाऊन उभी राहू लागली.

"आई," मिर्ता जेवताना म्हणाली, "पप्पांचं या गाईंशी नक्की काय चाललं होतं? आता मला संशय यायला लागलाय."

दोन्या ओतिलियांनी तिला भांडी पुसायच्या फडक्याने मारलं आणि हसल्या. महिन्याभरात त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसत होतं. एल्विओला ठसका लागला. अनाईला काही न कळता तीही टाळ्या पिटू लागली. इतातीने ताटातला मांसाचा तुकडा इकडून तिकडे केला.

"डॉक्टरला बोलवूया का?" ती म्हणाली. "एकदा बघून तरी जाईल."

"कशाला?" दोन्या ओतिलिया अजून हसत होत्या. "दुःखावरचं इंजेक्शन असतं का त्याच्याकडे? असेल तर आधी मला टोच म्हणावं."

इतातीला तिथेच सांगता आलं असतं. सगळे टेबलाशी होते, हसत होते, राग यायला वेळ लागला असता. तिने अनाईला उचललं आणि पाजायला आत नेलं. अनाईला नुकतेच वरचे दोन दात आले होते. ती पिता पिता थांबून आईकडे बघायची, हसायची, आणि मग चावायची. इतातीला ते चावणं हवंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी धारेला फक्त मोरोचाची बादली भरली. बाकी सगळ्यांचं दूध कमी. दोन्या ओतिलिया चीज करतात आणि शनिवारी गावात नेतात. त्यांनी मोरोचाच्या काळ्या पाठीवर थाप मारली.

"ही तुझी काळी बघ! खाते, पिते, देते. वरच्या गाई मनाने घट्ट असतात वाटतं."

"हो," इताती म्हणाली.

"तुझ्या आईला कळव. म्हणावं, तुमच्या गाईने आमचं चीज थांबू दिलं नाही." आणि मग, त्यांच्या स्वभावात नसलेली गोष्ट, त्यांनी इतातीच्या गालाला हात लावला. हाताला दुधाचा वास होता. "मीही तुला सुरुवातीला जरा... जाऊ दे. तू चांगली आहेस गं."

इतातीने मोरोचाची भरली बादली उचलून चीजसाठी आत नेली.

*

दुपारच्या झोपेची वेळ. घरातली सगळी दारं-खिडक्या उन्हामुळे लावलेल्या. इताती मागच्या ओट्यावर बसून भावाला फोन करत होती. अनाई तिच्या पायांशी रिकाम्या डब्यात लाकडी चमचा घालत होती, काढत होती.

"सेफे, मोठ्या गाईला उदासी होते का रे?"

"मोठीला कशाला होईल? वासराला होते." मग जरा थांबून, "का?"

"जिने आयुष्यात गोचीड पाहिली नाही अशा मोठीला?"

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. "इताती. काय केलंस तू?"

"मी काय केलं! ट्रक कोण चालवत होतं?"

"आणि सगळ्या वेचल्या, सगळ्या वेचल्या, असं कोण म्हणत होतं?"

"वेचल्या होत्या रे. दिसल्या तेवढ्या वेचल्या." तिचा आवाज चिरकला. अनाईने वर पाहिलं. "एक मेली. दुसरी उभी राहू शकत नाहीये."

सेफेरिनो बोलला तो आवाज खाली आणून, जणू त्याच्या बाजूलाही कुणी झोपलं होतं. "ऐक. माझ्याकडे इंजेक्शनं आहेत. संध्याकाळच्या बसने पाठवतो, ड्रायव्हर आपला आहे. परवा सकाळी तुला मिळतील. दुपारी सगळे असे झोपले की टोच. मानेत. कुणाला पत्ता लागायचा नाही, गाई उठतील, म्हातारी म्हणेल दुःख सरलं. झालं."

इतातीने ते सगळं डोळ्यांसमोर पाहिलं. दुःख सरलेल्या गाई, दोन्या ओतिलियांचा हात गालाला. इतकं सोपं होतं की तिला क्षणभर हलकं वाटलं.

"आणि दॉन ब्रूनोंच्या गाई?"

"त्या कुठून आल्या आता मध्येच?"

"तारेपलीकडे चरतात."

"मग? मोरोचा तारेपलीकडे सोडली होतीस का?"

"गोचिडीला तार कळते का, सेफे?"

इतातीची नजर निलगिरीकडे गेली. रेइना आता उभी नव्हती. ती कुशीवर पडली होती, मान लांब केलेली, आणि तिच्या मागे वाळलेल्या गवतावर लघवीचा डाग पसरत होता. त्याचा रंग दुरूनही दिसत होता. लाल, कडक काढलेल्या कॉफीसारखा काळपट लाल. त्यानंतर जनावर परवाची वाट बघत नाही.

"इंजेक्शनं पाठव," ती म्हणाली. "पण मी परवापर्यंत थांबत नाहीये."

"इताती, डोकं ठिकाणावर ठेव. ते लोक तुला—"

तिने फोन ठेवला, अनाईला उचललं आणि सासूबाईंच्या खोलीचं दार वाजवलं.

दोन्या ओतिलिया झोपल्या नव्हत्या. पलंगाच्या आपल्याच बाजूला, कडेला, आडव्या होत्या. दुसऱ्या बाजूची चादर तशीच ताणलेली.

"रेइना पडली," इताती म्हणाली.

"बिचारी." त्या उठून बसल्या, पायाने सपाता शोधू लागल्या.

"दोन्या ओतिलिया, तिला दुःख नाहीये. ती आजारी आहे. पालोमाही आजारीच होती."

"तूच तर म्हणालीस ना उदासी—"

"आमच्याकडे आजाराचं नाव आहे ते. गोचिडीचा ताप. औषध आहे त्यावर." आता थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही हे तिला कळत होतं. "मोरोचाबरोबर आली. मोरोचाला हौदातून काढलं नव्हतं. मी एल्विओशी खोटं बोलले. मागच्या रस्त्याने आणली."

एक सपात पायात आणि एक हातात अशा दोन्या ओतिलिया तिच्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे तू तो शब्द बोललीस तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मी तिच्या गळ्यात पडून रडले, तेव्हा?"

"तेव्हाही."

"खड्डा काढला तेव्हा. ब्रूनो टोपी काढून उभा होता तेव्हा."

"हो."

बाहेर झाडांवर सिकाडा किडे किरकिरत होते. अनाईने आजीकडे जायला दोन्ही हात पुढे केले. दोन्या ओतिलियांनी ते पाहिलंच नाही.

"म्हणजे पालोमा त्यांच्यासाठी नव्हती झुरत," त्या म्हणाल्या. रागाने नाही. हिशेब चुकला होता तो पुन्हा मांडल्यासारखं.

कदाचित दोन्ही असेल, असं म्हणता आलं असतं. इतातीच्या ओठांवर ते आलंही. कुणाला माहीत, तापलेल्या गाईला माणूस आठवत नसेल कशावरून. पण असे अर्धे खरे शब्द ती इतके दिवस बोलत आली होती.

"नाही," ती म्हणाली. "तिला ताप होता."

दोन्या ओतिलियांनी मान हलवली. दुसरी सपात घातली. उभ्या राहिल्या.

"आण तिला इकडे," त्यांनी अनाईला काढून घेतलं. "हिने काही केलेलं नाही. जा, नवऱ्याला उठव, डॉक्टरला फोन करायला सांग. आणि आज माझ्यासमोर येऊ नकोस. मी ओरडेन, आणि मला हिच्यासमोर ओरडायचं नाहीये."

एल्विओने सगळं पलंगावर बसून ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाला, "दोनदा म्हणाली होतीस." आणि शर्ट शोधू लागला.

*

डॉक्टर फुक्स, लठ्ठ, सतत घामेजलेले, रेइनाजवळ गुडघ्यांवर बसले आणि हिरडी बघून त्यांनी हळूच एक शिवी दिली. रेइनाला टोचलं. मग मिर्ता आणि एल्विओ एकेक गाय धरत गेले आणि डॉक्टर टोचत गेले. इताती सुया उकळून देत होती. मोरोचापाशी आल्यावर डॉक्टर थांबले आणि तिच्या पोळीखाली खाजवू लागले.

"हिला काय झालंय?" मिर्ताने विचारलं.

"हिला काहीच होत नाही, तेच तर. गोचीड चावताना रक्तात जे बारीक किडे सोडते, ते हिच्या रक्तात आत्ताही आहेत. हिच्या आज्या-पणज्या त्यांच्याबरोबर वाढल्या. ज्यांना सोसलं नाही त्या मेल्या, त्यांना पुढे वासरंच झाली नाहीत. ही सोसणाऱ्यांची नात. आणि किड्यांचंही तसंच, जे येताच गाय लोळवायचे ते तिच्याबरोबरच संपले, दमाने घेणारे उरले. इतक्या पिढ्या दोघांनी एकमेकांना घासूनपुसून घेतलंय, की आता कुणाला कुणाचं टोचत नाही." त्यांनी हाताने बाकीच्या गाईंकडे दाखवलं. "या आपल्या गोऱ्या बाया. यांच्या आज्या थंड देशातून बोटीने आल्या. तिकडे ही गोचीडच नव्हती. सवयच नाही ना, गाईला त्या किड्याची नाही आणि किड्याला या गाईची नाही. मग असं होतं."

"म्हणजे यात तशी चूक कुणाचीच नाही म्हणा," मिर्ता म्हणाली. ती हे वहिनीसाठी म्हणत होती. तिने वहिनीकडे पाहिलंही नाही, पण इतातीला कळलं, आणि तिचे डोळे भरून आले. हौदाचा विनोद मिर्ताने त्या दिवशी केला नाही.

डॉक्टरांनी खांदे उडवले. "किड्याची तर नाहीच."

गोष्ट इतकी जुनी, इतकी मोठी होती, की त्यात एक ट्रक सहज लपून गेला असता. इतातीने सुई डॉक्टरांच्या हातात दिली आणि म्हणाली, "माझी आहे."

मिर्ताने पुढच्या गाईची मान धरली.

"सरकारी ऑफिसला मी कळवतो," निघताना डॉक्टर म्हणाले. "ते येतील, गुरं अडकवून ठेवतील, सगळ्यांना न्हाऊ घालतील, या काळीला ठेवायचं की परत वर पाठवायचं ते सांगतील. पण ते येतील तेव्हा येतील. शेजाऱ्यांना आजच्या आज कळलं पाहिजे. ज्याची गाय आज टोचली जाईल ती वाचेल."

"मी जातो मोटरसायकलवर," एल्विओ म्हणाला.

"नको. मी जाते."

"तू? त्यांना काय सांगशील?"

शेडच्या दारातून दोन्या ओतिलियांचा आवाज आला. अनाई त्यांच्या खांद्यावर झोपली होती. दुपारपासून त्या सुनेबद्दल पहिल्यांदाच बोलत होत्या, तेही मुलाशी.

"जाऊ दे तिला. पायी जाऊ दे."

*

ऊन उतरायला लागलं होतं, रस्त्यावरची धूळ अजून गरम होती. अर्ध्या वाटेत इतातीची छाती भरून आली. अनाईची पाजायची वेळ. ब्लाउज पुढून ओला झाला. तिने अंगावरचा स्कार्फ काढून पुढे बांधला आणि चालत राहिली.

दॉन ब्रूनो अंगणात माते, म्हणजे इकडचा कडवट पाल्याचा चहा, पीत बसले होते. मांडीवर थर्मास, हातात तो चहा प्यायची तुंबडी.

"या या, कोरिएंतेसची राणी! आणि पायी? एल्विओची मोटरसायकलपण झुरून गेली की काय?" ते आपल्याच विनोदावर हसले, तुंबडीत गरम पाणी ओतलं आणि ती तिच्यापुढे धरली. "घे. बस. काय म्हणते ओतिलिया?"

इतातीने हात पुढे केला नाही.

"अगं घे की. अरे हो, तुम्हाला वरच्यांना थंड लागतं नाही का! बरं, ऐक, क्लेमेंतेचं आणखी एक लफडं सांगतो तुला. आमची ती करडी गाय, तिलाही उदासी झालीये बघ. कालपासून कोपऱ्यात उभी. तो रोज तारेवरून तिला कणीस द्यायचा ना. मी बायकोला म्हटलं, काय माणूस होता! गाई तर गाई, शेजाऱ्याच्या गाईसुद्धा—"

"दॉन ब्रूनो, तिला उदासी झालीये, पण त्यांच्यासाठी नाही," इताती म्हणाली.

आणि तिने सांगितलं. ट्रक, कच्चा रस्ता, रॉकेलचं डबडं, दोनदा. पालोमाच्या खड्ड्याशी आपण गप्प उभ्या होतो तेही. तुंबडी धरलेला त्यांचा हात बराच वेळ तसाच पुढे राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि ते माते स्वतःच पिऊन टाकलं, शेवटच्या घोटाचा आवाज येईपर्यंत. दुसरी भरली नाही.

"दाखव," ते म्हणाले.

करडी कुंपणाच्या कोपऱ्यात होती. अजून उभी होती. इतातीने ओठ उलटून हिरडी दाखवली, मग शेपूट बाजूला धरलं. दॉन ब्रूनो वाकले, डोळे बारीक केले. चष्मा घरात राहिला होता.

"कुठे? मला काही दिसत नाही."

तिने त्यांचं बोट धरून त्या जागी टेकवलं.

"हे?"

"हे."

"एवढंसं?"

"एवढंसं."

ते सरळ झाले. बोट पँटला पुसलं, पुन्हा पुसलं. "टोचलं तर वाचेल म्हणतेस."

"आज टोचलं तर. डॉक्टर फुक्स अजून आमच्याकडेच आहेत."

दॉन ब्रूनोंनी खिशातून मोबाईल काढला, नंबर शोधू लागले. इताती जायला वळली. ती फाटकापर्यंत गेली असेल, तेव्हा त्यांनी फोन कानापासून दूर धरून मागून हाक मारली. आवाजात माफी नव्हती, शिवीही नव्हती.

"शुल्झकडे कुत्री मोकळी असतात. आत घुसू नकोस. फाटकाबाहेरून टाळ्या वाजव आणि कोण आहेस ते सांग."

तिने मान हलवली.

शुल्झचं घर वळणापलीकडे होतं. इताती फाटकाशी उभी राहिली आणि तिने टाळ्या वाजवल्या. कुत्री धावत आली, फाटकावर पंजे टाकून भुंकू लागली. घरातून एका बाईने ओरडून विचारलं, कोण आहे?

इतातीने मोठ्याने आपलं नाव सांगितलं, आणि आपण कुठल्या ते सांगितलं.